लाइव्ह शोचं तांत्रिक काम शिकायचंय? नव्यांसाठी पायरीपायरीने

पहिल्या शोला मला बोलावलं तेव्हा मी आदल्या रात्री मिक्सरचे व्हिडिओ बघत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोहोचलो आणि रात्री दोनला सुटलो. त्या एकोणीस तासांत मिक्सरला माझा हातही लागला नाही. ट्रकमधून फ्लाइट केस (सामानाच्या मजबूत पेट्या) उतरवल्या, केबल ओढल्या, त्या चिकटवल्या आणि शो संपल्यावर सगळं उलट क्रमाने पुन्हा केलं. जाताना क्रू प्रमुखाने एकच प्रश्न विचारला, "परवा मोकळा आहेस का?" मी गुंडाळलेल्या केबल त्याला उलगडून पुन्हा गुंडाळाव्या लागल्या नव्हत्या, म्हणून त्याने विचारलं होतं. हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

या क्षेत्रात काम मिळतं ते असंच. तुमच्या हातून गेलेल्या वस्तूकडे दुसऱ्याला पुन्हा वळून बघावं लागत नाही, अशी खात्री पटली की माणसं तुम्हाला बोलावतात. ही खात्री कशी कमवायची आणि त्यात कुठे ठेच लागते, ते खाली क्रमाने लिहितो.

१. आधी दिवसाचा आणि माणसांचा नकाशा समजून घ्या

प्रेक्षकांना दोन तासांचा शो दिसतो. तुमचा दिवस असा असतो: लोड-इन (सामान आत आणणं), रिगिंग (सामान वर टांगणं), वीज जोडणी, साउंड-लाइट-व्हिडिओची मांडणी, लाइन चेक (प्रत्येक लाइनवर सिग्नल येतो का ते बघणं), साउंड चेक (कलाकारांसोबत आवाज जुळवणं), शो, आणि लोड-आउट (सामान परत भरणं). या साखळीतला कुठलाही टप्पा रेंगाळला की त्याचा भार पुढच्या सगळ्यांवर पडतो. ट्रस (लाइट-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा) वर गेल्याशिवाय स्टेजवर बाकीचं सामान मांडता येत नाही आणि वीज आल्याशिवाय काहीच तपासता येत नाही.

विभाग साधारण असे: साउंड, लाइट, व्हिडिओ आणि एलईडी वॉल, रिगिंग, वीज, बॅकलाइन (कलाकारांची वाद्यं आणि त्यांचे अँप), आणि सगळ्यांना एका वेळापत्रकात बांधणारा स्टेज मॅनेजर. साउंडमध्ये पुन्हा दोन जागा असतात. प्रेक्षकांना ऐकू येणारा आवाज एफओएचवाला (फ्रंट ऑफ हाउस, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूची मिक्सरची जागा) सांभाळतो, कलाकारांना स्टेजवर ऐकू येणारा मॉनिटरवाला. सिस्टिम टेक वेगळा असतो, तो स्पीकर कुठे टांगायचे आणि कसे जुळवायचे ते बघतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाठ हवी. स्टेज लेफ्ट आणि स्टेज राइट ठरतं ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या कलाकाराच्या हातांवरून. तुम्ही एफओएचजवळ उभे असाल तर तुमच्या डाव्या हाताला स्टेज राइट येतं. यात चूक झाली तर भलत्याच बाजूला सामान लागतं, आणि ते कळेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो.

कुठला विभाग निवडू, असं नवे लोक मला सारखं विचारतात. पहिले सहा महिने निवडू नका. मिळेल त्या विभागात काम करा. लाइटवाल्याच्या अडचणी ठाऊक असलेला साउंडवाला सगळ्यांनाच हवा असतो.

२. केबलवर प्रभुत्व मिळवा

याच पायरीवर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण पहिलं वर्षभर तुमची ओळख इथेच ठरते.

*गुंडाळणं.* कोपर आणि अंगठ्याभोवती केबल कधीही गुंडाळू नका. त्याने आतल्या तारांना पीळ पडतो आणि काही महिन्यांत ती कनेक्टरजवळ तुटते. 'ओव्हर-अंडर' पद्धत शिका: एक वेढा सरळ, पुढचा वेढा मनगट उलटं फिरवून आतून. दोन्ही पीळ एकमेकांना मारतात आणि केबल टाकली की गाठ न पडता सरळ पसरते. एक सापळा मात्र आहे. गुंडाळलेल्या केबलचं टोक वेढ्यांच्या मधून बाहेर आलं, तर उलगडताना ओळीने गाठी पडत जातात. म्हणून टोक नेहमी बाहेरच्या बाजूलाच ठेवा आणि लगेच बांधा. घरी दहा मीटरची केबल घेऊन रोज पंधरा मिनिटं सराव केलात तर दोन आठवड्यांत हात बसतो.

*ओळखणं.* माइकला लागते ती तीन पिनची एक्सएलआर. पिन १ शील्ड, पिन २ हॉट, पिन ३ कोल्ड. हॉट आणि कोल्डवर तोच सिग्नल एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्हींवर सारखाच असतो, त्यामुळे पुढच्या टोकाला वजाबाकी होऊन तो नाहीसा होतो. शंभर मीटरवरून माइकचा अगदी बारीक सिग्नल स्वच्छ येतो तो याच कारणाने.

लाइटसाठी डीएमएक्स केबल असते, कन्सोलचे (नियंत्रण-फलकाचे) हुकूम तिच्यातून लाइटपर्यंत जातात. तिचं प्रमाणित कनेक्टर पाच पिनचं, पण तीन पिनचंही सर्रास दिसतं आणि ते माइकच्या केबलसारखंच दिसतं. इथे बरेच जण फसतात. डीएमएक्सला साधारण १२० ओहम इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) केबल लागते, माइकची केबल तशी नसते. चार लाइटपर्यंत काम चालल्यासारखं वाटतं आणि मग ऐन शोमध्ये दिवे फडफडायला लागतात. ओळीच्या शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर (ओळ बंद करणारा प्लग) लावा, आणि स्प्लिटरशिवाय (सिग्नल वाटणाऱ्या पेटीशिवाय) एका ओळीवर ३२पेक्षा जास्त उपकरणं जोडू नका.

*टाकणं.* वीज आणि सिग्नलच्या केबल समांतर जवळून नेऊ नका. जिथे ओलांडाव्याच लागतात तिथे काटकोनात ओलांडा. प्रत्येक टोकाशी थोडी सैल केबल ठेवा, माइक स्टँडकडच्या टोकाशी जास्त, कारण माइक स्टँड तीनदा तरी हलणार असतो. माणसं चालतात तिथे केबल रॅम्प किंवा गाफर टेप (चिकटा न सोडणारा कापडी टेप). गाफरऐवजी साधा डक्ट टेप वापरलात तर त्याचा चिकटा केबलवर राहतो आणि पुढे प्रत्येक शोला ती केबल धूळ गोळा करते.

*खूण करणं.* दोन्ही टोकांना क्रमांक लिहा. एकाच टोकाला लिहिलेला क्रमांक अर्धंच काम करतो.

३. सिग्नलचा रस्ता डोळे मिटून सांगता आला पाहिजे

माइक, केबल, स्टेज बॉक्स (स्टेजवरच्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी), मल्टीकोर (अनेक तारांची जाड केबल) किंवा नेटवर्क केबल, मिक्सरचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग), चॅनल, बस (अनेक चॅनल एकत्र नेणारी वाट), आउटपुट, प्रोसेसर, अँप्लिफायर, स्पीकर. तुम्ही काम करत असलेल्या प्रत्येक शोचा हा रस्ता कागदावर काढा. लाइटचा, व्हिडिओचाही. बिघाड शोधण्याचं सगळं कौशल्य यावर उभं आहे.

समजा चॅनल ९ वर आवाज येत नाही. नवा माणूस आधी माइक बदलतो, मग केबल, मग स्टँडही बदलून बघतो. अनुभवी माणूस रस्त्याच्या मध्यावर जातो. मिक्सरच्या इनपुट मीटरवर हालचाल दिसते का? दिसत असेल तर स्टेजकडची बाजू शाबूत आहे, गडबड पुढे आहे: म्यूट, राउटिंग (सिग्नल कुठे पाठवला आहे), फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी). दिसत नसेल तर गडबड मागे. मग स्टेज बॉक्सवर चालू असलेल्या चॅनल ८ ची केबल ९ मध्ये लावा. आवाज आला तर दोष माइककडे किंवा त्याच्या केबलमध्ये. असं दर वेळी अर्धा भाग बाद करत गेलं की तीन-चार चाचण्यांत जागा सापडते. एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत दोन बदललात आणि आवाज आला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि खराब केबल पुन्हा चांगल्या केबलच्या पेटीत जाऊन पडते. खराब सापडली की लगेच टोकाला लाल टेप लावा आणि ती वेगळी ठेवा.

काही आकडे आणि सवयी सुरुवातीलाच पक्क्या करा:

- कंडेन्सर माइक आणि ॲक्टिव्ह डीआय बॉक्सला (वाद्याचा सिग्नल माइकच्या केबलवर नेणारी पेटी) ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते. ती चालू-बंद करण्याआधी चॅनल म्यूट करा, नाहीतर स्पीकरमधून जोराचा धक्का येतो.
- अँप्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू करा आणि सगळ्यांत आधी बंद करा.
- २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टेजपासून ५० मीटरवर जास्तीचे स्पीकर लावले तर त्यांना साधारण १४६ मिलिसेकंदांचा उशीर द्यावा लागतो. नाही दिला तर मागच्या प्रेक्षकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.
- डीएमएक्सच्या एका युनिव्हर्समध्ये (चॅनलच्या एका गटात) ५१२ चॅनल असतात. २० चॅनलचा मूव्हिंग हेड (फिरणारा लाइट) असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा २१, तिसऱ्याचा ४१, आणि एका युनिव्हर्समध्ये असे २५ बसतात. लाइट वर जाण्याआधी जमिनीवरच पत्ता आणि मोड दोन्ही तपासा. कन्सोलवर २० चॅनलचा मोड आणि लाइटवर १६चा, हा घोळ फार वेळा होतो, आणि ट्रस सात मीटर वर गेल्यावर तो निस्तरणं जिवावर येतं.

४. विजेशी वागण्याचे नियम

वीज जोडणी हे प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसाचं काम आहे. तुम्ही नवे असताना मुख्य जोडणीला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी. पण हिशेब मात्र यायलाच हवा.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सर्किटवर ३,६८० वॅट होतात. मी ८० टक्क्यांपुढे जात नाही, म्हणजे २,९४४ वॅट. त्यावर एक हजार वॅटचे जुने दिवे दोनच निर्धास्त चालतात. १२० व्होल्टच्या देशात २० अँपिअरचं सर्किट २,४०० वॅटचं, तिथे ८० टक्के म्हणजे १,९२०. एलईडी लाइट कमी वीज खातात, पण चालू होण्याच्या क्षणी जोरात ओढतात. वीस लाइट एका स्विचवर एकदम चालू केले की एमसीबी (आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच) पडतो आणि सगळे भलतीकडे कारण शोधत बसतात. तुकड्या-तुकड्याने चालू करा.

थ्री-फेजच्या सुट्या कनेक्टरचा क्रम ठरलेला आहे: आधी अर्थ, मग न्यूट्रल, मग तिन्ही फेज. काढताना बरोबर उलटा. फेज जोडलेल्या असताना न्यूट्रल सुटला तर साध्या उपकरणांवर २३०च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास ताण येऊ शकतो. एका क्षणात मिक्सर, लाइट, संगणक सगळं जळतं.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला हात धरून सांगतो. स्पीकरमधून गुणगुण येते तेव्हा कुणीतरी प्लगची अर्थची पिन काढायला किंवा टेपने झाकायला सांगतं. असं कधीही करू नका. गुणगुण थांबेल, पण त्या उपकरणात बिघाड झाला तर गिटार हातात धरून माइकला ओठ लावणाऱ्या गायकाच्या शरीरातून वीज वाट काढेल. गुणगुणीचा उपाय सिग्नलच्या बाजूने करायचा: डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (फक्त सिग्नलच्या केबलची अर्थ तोडणारा स्विच), आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, किंवा सगळं साउंड एकाच ठिकाणाहून आलेल्या विजेवर घेणं.

आणि रीळवर गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल जास्त भारासाठी पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या अवस्थेत ती तापून वितळते.

५. डोक्यावरचं वजन आणि वारा

रिगिंग लांबून बघत शिका. ट्रसवर किती वजन, कुठल्या बिंदूवर, कुठल्या शॅकलने (जोडकडीने), हे ठरवणाऱ्याची पात्रता वेगळी असते. तुमच्याकडे दोन कामं येतील. लाइटचा क्लँप घट्ट करणं आणि सेफ्टी वायर लावणं. वायर ट्रसच्या मुख्य नळीभोवती घ्या, आडव्या बारीक सळईभोवती नको, आणि ढील कमीत कमी ठेवा. ट्रस हलत असताना त्याच्याखाली उभं राहायचं नाही. वर काम करणाऱ्याचं प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेलं असावं. पाना हातातून निसटणं कुणालाही चुकलेलं नाही.

मोकळ्या मैदानावरच्या शोमध्ये वाऱ्याकडे लक्ष ठेवा. १३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट फेअरमध्ये वादळी झोतात स्टेजचं तात्पुरतं छत कोसळलं आणि सात माणसं गेली. त्यांत काम करणारेही होते. तपासात पुढे आलं की आडवा जोर पेलणारी ताणाची व्यवस्था अपुरी होती आणि कार्यक्रम थांबवायचा निर्णय कोणी घ्यायचा याची स्पष्टता नव्हती. म्हणून सकाळच्या बैठकीत तुम्ही नवखे असलात तरी विचारा: वाऱ्याचा वेग कोण मोजतंय, किती झाला की शो थांबणार, आणि तेव्हा मी कुठे जायचं? चांगला प्रमुख या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

६. कान

सुरक्षेचा एक प्रचलित हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. रॉकचा शो दोन तास चालतो. फिल्टरवाले इअरप्लग पहिल्या कमाईतून घ्या, त्यांनी आवाज फक्त कमी होतो, फारसा गढूळ होत नाही. ड्रमच्या शेजारी माइक लावताना, साउंड चेकमध्ये, मॉनिटरजवळ उभं राहताना ते कानात असू द्या. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही आणि तिच्यावरच आपलं पोट आहे.

७. उपकरण हाती नसताना घरी करायचा सराव

महागडे कन्सोल विकत घ्यायची गरज नाही. ग्रँड एमए३ ऑनपीसी हे लाइट कन्सोलचं सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं. त्यात लाइट पॅच करा (पत्ते द्या), ग्रुप करा, क्यू (ठरलेल्या क्षणी करायचा बदल) लिहा आणि पडद्यावरच्या त्रिमितीय स्टेजवर बघा. साउंडसाठी एक्स३२ या मिक्सरचं एक्स३२-एडिट सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मिक्सर जोडलेला नसतानाही उघडतं, त्यामुळे राउटिंगची पानं निवांत फिरून बघता येतात. व्हिडिओसाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या.

नुसतं फिरू नका, स्वतःला काम द्या. पाच जणांच्या बँडची इनपुट यादी लिहा: किक, स्नेअर, हायहॅट, टॉम, ओव्हरहेड, बेस डीआय, गिटार, कीबोर्ड डावा-उजवा, गायक. कुणाला कोणता माइक, कोणाला फँटम, कोणाचा स्टँड लहान, कोणाचा उंच, हे पुढे लिहा. अशी यादी घेऊन गेलेला उमेदवार मी क्वचितच पाहिला आहे, आणि जो आला त्याला काम मिळालं.

८. पहिलं काम कुठे शोधायचं

माझ्या मते सर्वांत चांगलं दार म्हणजे साउंड-लाइट भाड्याने देणाऱ्या कंपनीचं गोदाम. परत आलेलं सामान पुसणं, तपासणं, पुढच्या शोसाठी भरणं. कंटाळवाणं वाटतं, पण तीन महिन्यांत प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक केस आणि प्रत्येक नेहमीचा बिघाड ओळखीचा होतो. दुसरं दार नाट्यगृह: तिथे क्यू, शिस्त आणि शांतता शिकायला मिळते. तिसरं, लोडर किंवा स्टेजहँड म्हणून दिवसाच्या बोलीवर जाणं. कॉलेजचे कार्यक्रम आणि छोट्या हौशी संस्था हे चुका करायला सुरक्षित ठिकाण, फक्त वीज आणि रिगिंगच्या चुका सोडून.

अभ्यासक्रम केला तर चांगलंच, पण प्रमाणपत्र हातात घेऊन थेट मिक्सरवर बसायची अपेक्षा ठेवू नका. आणि मुलाखतीत न येणाऱ्या गोष्टी येतात असं सांगू नका. एका शोला 'हा कन्सोल मला येतो' असं सांगून आलेल्या माणसाशेजारी मी उभा होतो. साउंड चेक चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि कलाकाराचा सगळा राग मॉनिटरवाल्यावर निघाला. 'हे माहीत नाही, दाखवाल का?' एवढं एक वाक्य बोलला असता तर त्याला दाखवणारे तीन जण तिथे होते.

९. पहिल्या दिवशीची पिशवी आणि वागणूक

- पोलादी टोकाचे बूट, काळे साधे कपडे, हातमोजे, हेल्मेट
- दोरी बांधलेला ॲडजस्टेबल पाना, मल्टिटूल
- डोक्याला लावायचा टॉर्च आणि जास्तीचे सेल
- मार्कर, पांढरा आणि रंगीत पीव्हीसी टेप, गाफर टेपचं रीळ
- केबल टेस्टर, मल्टिमीटर (वापरायला शिकल्यावरच)
- इअरप्लग, छोटी वही, पाण्याची बाटली

कॉल टाइम आठचा असेल तर आठला काम सुरू होतं, म्हणजे तुम्ही पावणेआठला तिथे हवेत. जड केस एकट्याने उचलू नका. रॅम्पवरून उतरवताना केसच्या खालच्या बाजूला एकट्याने थांबू नका. हेडसेटवर 'स्टँडबाय' ऐकलं की प्रतिसाद द्या आणि 'गो' ऐकल्यावरच कृती करा. गप्पांमध्ये 'गो' हा शब्द हेडसेटवर उच्चारू नका, कुणीतरी क्यू टाकेल. कलाकारांसोबत फोटो मागू नका. आणि शो संपल्यावर थकलेले असाल तेव्हा सर्वांत सावध राहा. रात्री एक वाजता, घाईत, अर्धवट अंधारात बोटं चेंगरतात.

१०. कागदपत्रं आणि पैसे

जवळ ठेवा: ओळखपत्र, एका पानाचा बायोडेटा (कार्यक्रमाचा प्रकार, तुमची नेमकी भूमिका, वापरलेली उपकरणं), प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, उंचीवर काम करण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, उचलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर काम करायचं असेल तर आयपीएएफ कार्ड किंवा तुमच्या देशात चालणारा परवाना, आणि वाहन परवाना. परदेश दौऱ्याचा विचार असेल तर पासपोर्टची मुदत आत्ताच बघा. स्वतंत्रपणे काम करणार असाल तर अपघात विमा आणि तुमच्यामुळे इतरांचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, दोन्ही हवेत.

होकार देण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्या, साधा संदेश चालेल: दिवसाचा दर, दिवस किती तासांचा, त्यापुढच्या तासांचं काय, प्रवास आणि मुक्काम कोणाकडे, पैसे किती दिवसांत. मला एकदा तीन दिवसांचे पैसे पाच महिन्यांनी मिळाले, कारण सगळं फोनवर ठरलं होतं आणि फोन करणारा माणूस दरम्यान नोकरी सोडून गेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवतो: तारीख, जागा, भूमिका, आल्याची आणि सुटल्याची वेळ, कोणाच्या सांगण्यावरून गेलो, बिल कधी पाठवलं, पैसे कधी आले. त्याच पानावर खाली त्या दिवशी काय बिघडलं आणि ते कशाने सुटलं, हेही लिहितो.